व्हित्तोरियो यानो

व्हित्तोरियो यानो (२२ एप्रिल १८९१ – १३ मार्च १९६५) हे इटलीतील मोटारगाड्यांचे व त्यांच्या इंजिनांचे रचनाकार होते. फियाट, आल्फा रोमिओ, लान्चिया आणि फेरारी या चार इटालियन कंपन्यांत मिळून त्यांनी सुमारे अर्धशतक काम केले. आल्फा रोमिओची पी२ व पी३ ही शर्यतीची वाहने, ६सी १५००, ६सी १७५० व ८सी २३०० या रस्त्यावरच्या वेगवान गाड्या, लान्चियाची डी५० आणि फेरारीचे डिनो या नावाने ओळखले जाणारे सहा सिलिंडरांचे इंजिन ही त्यांची प्रमुख कामे होत. लहान आकाराचे, पण दर मिनिटाला पुष्कळ फेरे घेणारे आणि तरीही न मोडणारे इंजिन घडवणे हे त्यांच्या कामाचे मुख्य सूत्र होते. शर्यतीसाठी सिद्ध झालेले इंजिन सामान्य चालकाच्या हाती देता येते, हे त्यांनी १९२०च्या दशकात आल्फा रोमिओत दाखवून दिले. त्यांच्या निधनानंतर बाजारात आलेल्या डिनो गाड्यांनी तीच गोष्ट पुन्हा सिद्ध केली.

जन्म आणि शिक्षण

यानो यांचा जन्म इटलीच्या वायव्येकडील प्यिमाँत प्रदेशातील सान जॉर्जो कानाव्हेझे या गावी झाला. त्यांचे घराणे मूळचे हंगेरीतील होते. वडील तोरिनो शहरातील लष्करी शस्त्रागारात तांत्रिक कामावर होते. त्यामुळे यंत्रे, लेथ, ओतकाम आणि मापनाची शिस्त यांचा परिचय यानोंना लहानपणीच झाला.

विद्यापीठातील अभियांत्रिकीची पदवी त्यांनी घेतली नाही. त्यांचे शिक्षण तोरिनोतील एका औद्योगिक शाळेत झाले. पुढे ज्यांच्या हाताखाली अनेक पदवीधर अभियंते काम करणार होते, त्या यानोंनी आपल्या व्यवसायाची सुरुवात आराखडे काढणारा साधा कारागीर म्हणून केली. १९०९ साली ते तोरिनोतील रॅपिड या लहानशा मोटार कंपनीत आरेखक म्हणून रुजू झाले.

फियाटमधील वर्षे

१९११ साली यानो फियाटमध्ये गेले. त्या काळी फियाटचा आरेखन विभाग ही इटालियन मोटार उद्योगाची खरी पाठशाळा होती. ग्विदो फोर्नाका आणि कार्लो काव्हाल्ली यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे तरुण आरेखकांची एक पिढी तयार झाली. पहिल्या महायुद्धानंतर यानो एका आरेखन गटाचे प्रमुख झाले.

फियाटने १९२३ साली आठ सिलिंडरांच्या ८०५ या शर्यतीच्या गाडीला सुपरचार्जर बसवला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच शक्तीवर फिरणारा हवेचा पंप. तो सिलिंडरात नैसर्गिकपणे शिरेल त्याहून अधिक हवा दाबाने भरतो; त्यामुळे अधिक इंधन जळते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. त्या वर्षीची इटालियन ग्रां प्री याच गाडीने जिंकली. ग्रां प्री शर्यतीत सुपरचार्जर बसवलेल्या गाडीचा तो पहिला विजय होता. या कामाचा जवळून घेतलेला अनुभव यानोंची पुढील शिदोरी ठरला.

आल्फा रोमिओ आणि पी२

त्याच १९२३ सालच्या सप्टेंबर महिन्यात मिलानच्या आल्फा रोमिओ कंपनीवर मोठा आघात झाला. मुख्य रचनाकार ज्युसेप्पे मेरोसी यांनी तयार केलेली पी१ ही गाडी मोंझा येथे सरावात अपघातग्रस्त झाली आणि चालक उगो सिव्होच्ची मृत्युमुखी पडले. कंपनीने शर्यतीतून माघार घेतली. पी१ मुळातच प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत मागे होती. नवी गाडी हवी तर नवा रचनाकारही हवा, असे कंपनीतील अनेकांना वाटू लागले.

फियाट सोडून आल्फात आलेले लुईजी बात्सी यांनी यानोंचे नाव सुचवले. त्यांना बोलावून आणण्याची कामगिरी आल्फाचे तरुण चालक एन्झो फेरारी यांच्यावर सोपवण्यात आली. फेरारी यानोंच्या तोरिनोतील घरी गेले आणि यानोंनी मिलानला येण्याचे मान्य केले. या भेटीतून जुळलेला दोघांचा संबंध पुढे चाळीस वर्षे या ना त्या रूपात टिकला.

मिलानला आल्यावर यानोंनी कामाची कडक शिस्त लावली. काही महिन्यांत पी२ ही गाडी उभी राहिली. तिचे इंजिन एका ओळीत आठ सिलिंडर असलेले, १,९८७ घ.सेंमी. आकारमानाचे आणि सुपरचार्जरयुक्त होते. सिलिंडरांच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट होते. सुरुवातीला दर मिनिटाला ५,५०० फेऱ्यांना सुमारे १४० अश्वशक्ती मिळत असे. जून १९२४मध्ये क्रेमोना येथील पहिल्याच शर्यतीत अंतोनियो आस्कारी यांनी पी२ विजयी केली. ऑगस्टमध्ये ल्यों येथील फ्रेंच ग्रां प्री ज्युसेप्पे काम्पारी यांनी जिंकली, तर मोंझा येथील इटालियन ग्रां प्रीमध्ये पहिले चारही क्रमांक पी२ गाड्यांनी पटकावले.

१९२५ साली प्रथमच मोटार उत्पादकांसाठी जागतिक अजिंक्यपद ठेवण्यात आले आणि ते आल्फा रोमिओने मिळवले. या यशाची खूण म्हणून कंपनीने आपल्या बोधचिन्हाभोवती लॉरेलच्या पानांची माळ घातली. परंतु त्याच हंगामात, २६ जुलै १९२५ रोजी, पॅरिसजवळील मोंलेरी येथे आघाडीवर असताना अंतोनियो आस्कारी यांची पी२ उलटली आणि त्यांचे निधन झाले. ते ३६ वर्षांचे होते. कंपनीने उरलेल्या गाड्या त्या शर्यतीतून मागे घेतल्या. आस्कारी यांच्या मागे त्यांचा सात वर्षांचा मुलगा आल्बेर्तो होता.

रस्त्यावरच्या गाड्या

शर्यतीतील यश कंपनीला पोसू शकत नव्हते. विकता येतील अशा गाड्या हव्या होत्या. मोठ्या व जड गाड्यांऐवजी हलकी, लहान इंजिनाची आणि तरीही वेगवान अशी गाडी तयार करण्याचे काम यानोंकडे आले. ६सी १५०० ही गाडी १९२५ साली प्रदर्शनात मांडण्यात आली आणि १९२७ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. एका ओळीत सहा सिलिंडर असलेल्या तिच्या इंजिनाचे आकारमान १,४८७ घ.सेंमी. होते. साध्या आवृत्तीत एक कॅमशाफ्ट आणि ४४ अश्वशक्ती, स्पोर्ट आवृत्तीत दोन कॅमशाफ्ट आणि ५४ अश्वशक्ती, तर सुपरचार्जर लावलेल्या आवृत्तीत ७६ अश्वशक्ती अशी या इंजिनाची चढती श्रेणी होती.

१९२९ साली आलेली ६सी १७५० ही याच रचनेची पुढची पायरी. १,७५२ घ.सेंमी.च्या या इंजिनाची साधी आवृत्ती ४६ अश्वशक्तीची होती. सुपरचार्जरयुक्त आवृत्ती ४,५०० फेऱ्यांना ८५ अश्वशक्ती देत असे. अडीच हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. गिऱ्हाईक त्याच गाडीतून बाजारात जाऊ शके आणि रविवारी शर्यतीतही उतरू शके. ब्रेशाहून रोमला जाऊन परत येणाऱ्या, सुमारे १,६०० किलोमीटरच्या मिल्ले मिलिया या रस्त्यावरील शर्यतीत १९२८ साली ६सी १५०० आणि १९२९ व १९३० साली ६सी १७५० विजयी झाली. १९३० साली तात्सियो नुव्होलारी यांनी या शर्यतीत प्रथमच ताशी १०० किलोमीटरहून अधिक सरासरी वेग गाठला. त्या रात्री दिवे विझवून ते प्रतिस्पर्धी आकिले वार्झी यांच्या मागे गेले, ही कथा मात्र आख्यायिकेच्या स्वरूपाची आहे.

१९३१ साली आलेल्या ८सी २३०० या गाडीत यानोंची काटकसरी बुद्धी स्पष्ट दिसते. सिलिंडरचा ६५ मिमी व्यास आणि पिस्टनची ८८ मिमी धाव ही १७५०चीच मापे त्यांनी कायम ठेवली. सिलिंडर मात्र सहाचे आठ केले. आठ सिलिंडरांचे लांब इंजिन फिरताना त्याचा क्रँकशाफ्ट पिळला जातो आणि वेग वाढला की ही पीळ धोकादायक ठरते. यावर यानोंनी इंजिनाचे चार-चार सिलिंडरांचे दोन भाग केले आणि कॅमशाफ्ट व सुपरचार्जर फिरवणारी दातेरी चाके मधोमध बसवली. त्यामुळे लांब कॅमशाफ्टचे दोन आखूड कॅमशाफ्ट झाले आणि पिळाचा त्रास आटोक्यात आला. २,३३६ घ.सेंमी.च्या या इंजिनाची शक्ती १४० अश्वशक्तीच्या घरात होती. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत या गाडीने १९३१ ते १९३४ अशी सलग चार वर्षे जिंकली.

पी३ आणि आल्फाचा निरोप

१९३२ साली आलेली टिपो बी, म्हणजेच पी३, ही एकाच चालकाची आसनव्यवस्था असलेली ग्रां प्री गाडी होती. तिच्या २,६५४ घ.सेंमी.च्या इंजिनाला दोन सुपरचार्जर होते आणि शक्ती सुमारे २१५ अश्वशक्ती होती. जून १९३२मध्ये मोंझा येथे पहिल्याच शर्यतीत नुव्होलारी यांनी ती विजयी केली. आर्थिक अडचणींमुळे १९३३ साली आल्फा रोमिओ सरकारी नियंत्रणाखाली गेली आणि शर्यतींचे काम पुढे एन्झो फेरारी यांच्या संघाकडे आले.

१९३४ पासून जर्मन सरकारच्या पाठबळावर मर्सिडीज-बेंझ आणि आउटो युनियन या कंपन्यांनी फार मोठ्या शक्तीच्या गाड्या उतरवल्या. त्यांच्यापुढे पी३ जुनी झाली. तरीही २८ जुलै १९३५ रोजी न्यूर्बुर्गरिंग येथील जर्मन ग्रां प्रीमध्ये, शेवटच्या फेरीत मर्सिडीजच्या आघाडीवरील गाडीचे टायर फुटल्यावर, नुव्होलारी यांनी पी३ मधून विजय मिळवला. हा विजय चालकाच्या कौशल्याचा मानला जातो. तथापि, अवघड डोंगरी मार्गावर सर्व अंतर कुरकुर न करता धावणारे इंजिनही त्यात सहभागी होते.

जर्मनांना तोंड देण्यासाठी यानोंनी बारा सिलिंडरांच्या गाड्या तयार केल्या. त्यांना अपेक्षित यश मिळाले नाही. १९३७ सालच्या नव्या गाडीच्या अपयशाचे खापर त्यांच्यावर फुटले आणि त्या वर्षाच्या अखेरीस चौदा वर्षांच्या सेवेनंतर त्यांना आल्फा रोमिओ सोडावी लागली.

लान्चिया

कंपनीचे संस्थापक व्हिन्चेन्झो लान्चिया यांचे फेब्रुवारी १९३७मध्ये निधन झाले होते. आल्फा सोडल्यावर यानो तोरिनोला परतले आणि लान्चियात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शर्यती थांबल्या आणि कारखान्याचे काम युद्धोपयोगी वाहनांकडे वळले.

१९५० साली तोरिनो येथे मांडलेली लान्चिया ऑरेलिया ही व्ही आकारात सहा सिलिंडर असलेले इंजिन वापरणारी, मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली गाडी मानली जाते. तीन-तीन सिलिंडरांच्या दोन ओळी ६० अंशांच्या कोनात बसवल्याने इंजिन आखूड झाले, क्रँकशाफ्टही आखूड व ताठ झाला आणि कंपने कमी राहिली. सुरुवातीचे आकारमान १,७५४ घ.सेंमी. आणि शक्ती ५६ अश्वशक्ती होती. पुढील वर्षी आलेल्या बी२० या दोन दारी आवृत्तीने १९५१च्या मिल्ले मिलियात एकूण दुसरा क्रमांक मिळवला.

संस्थापकांचे पुत्र जान्नी लान्चिया यांच्या आग्रहामुळे कंपनी शर्यतीत उतरली. यानोंच्या देखरेखीखाली तयार झालेल्या डी२४ या गाडीने १९५३ साली मेक्सिकोतील करेरा पानामेरिकाना आणि १९५४ साली मिल्ले मिलिया व तार्गा फ्लोरिओ या शर्यती जिंकल्या. मिल्ले मिलिया जिंकणारे चालक आल्बेर्तो आस्कारी हे होते. पी२ मध्ये प्राण गमावलेल्या अंतोनियो आस्कारी यांचेच ते पुत्र. तोवर ते दोनदा जगज्जेते झालेले होते.

डी५०

फॉर्म्युला वन शर्यतींसाठी यानोंनी १९५४ साली डी५० ही गाडी तयार केली. ९० अंशांच्या कोनातील आठ सिलिंडरांचे, २,४८८ घ.सेंमी.चे तिचे इंजिन दर मिनिटाला सुमारे ८,००० फेरे घेत असे. इंजिन हाच गाडीच्या सांगाड्याचा भार वाहणारा भाग होता. ते किंचित तिरके बसवल्याने मागे जाणारा दांडा चालकाच्या बाजूने नेता आला आणि आसन खाली आणता आले. इंधनाच्या टाक्या दोन्ही बाजूंना, पुढील व मागील चाकांच्या मध्ये होत्या. त्यामुळे इंधन संपत गेले तरी गाडीचा तोल फारसा बदलत नसे.

ऑक्टोबर १९५४मध्ये बार्सिलोना येथील पहिल्याच शर्यतीत आस्कारी यांनी सर्वांत जलद फेरीच्या बळावर अग्रस्थान मिळवले. मात्र यांत्रिक बिघाडामुळे त्यांना थांबावे लागले. २२ मे १९५५ रोजी मोनाको येथे त्यांची डी५० अडथळे तोडून बंदराच्या पाण्यात पडली. ते पोहत बाहेर आले. त्यानंतर चारच दिवसांनी, २६ मे रोजी, मोंझा येथे फेरारीची एक गाडी चालवून पाहत असताना झालेल्या अपघातात त्यांचे निधन झाले. वडिलांप्रमाणेच तेही ३६ वर्षांचे होते.

लान्चिया कंपनी तोपर्यंत कर्जात बुडाली होती. २६ जुलै १९५५ रोजी, म्हणजे अंतोनियो आस्कारी यांच्या मृत्यूला बरोबर ३० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, डी५० गाड्या आणि त्यांची सर्व सामग्री फेरारीकडे सोपवण्यात आली. यानोही सल्लागार म्हणून फेरारीकडे आले. ज्यांना एन्झो फेरारींनी १९२३ साली तोरिनोहून मिलानला नेले होते, ते ६४ वर्षांचे झाल्यावर पुन्हा त्यांच्याकडेच पोहोचले. पुढील वर्षी हुआन मॅन्युएल फांजिओ यांनी सुधारित डी५० चालवून फेरारीला जगज्जेतेपद मिळवून दिले.

फेरारी आणि डिनो इंजिन

एन्झो फेरारींचे पुत्र आल्फ्रेदो, घरगुती नाव डिनो, यांना स्नायू क्षीण करणारा आनुवंशिक आजार होता. १९५५–५६च्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले होते. त्या काळात वडील आणि यानो त्यांच्या उशाशी बसून दीड लिटर आकारमानाच्या नव्या इंजिनाची चर्चा करीत, असे एन्झो फेरारींनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. चार, सहा की आठ सिलिंडर, या प्रश्नावर अखेर व्ही आकारातील सहा सिलिंडरांची निवड झाली. ३० जून १९५६ रोजी वयाच्या २४व्या वर्षी डिनो यांचे निधन झाले. इंजिन त्यानंतर काही महिन्यांनी प्रथम सुरू झाले. त्याला डिनो हे नाव देण्यात आले.

या इंजिनाच्या दोन ओळींतील कोन ६० ऐवजी ६५ अंश ठेवण्यात आला. ओळींच्या मधल्या जागेत कार्ब्युरेटर आणि हवेच्या सरळ नळ्या बसवण्यासाठी ही पाच अंशांची सवलत हवी होती. हवा जितक्या सरळ मार्गाने आत जाईल तितके अधिक फेऱ्यांना इंजिन श्वास घेऊ शकते. बदललेल्या कोनामुळे ज्वलनाचा ताल बिघडू नये म्हणून क्रँकशाफ्टवरील जोडांची स्थानेही त्याप्रमाणे बदलण्यात आली. १,४८९ घ.सेंमी.चे हे इंजिन ९,००० फेऱ्यांच्या आसपास सुमारे १८० अश्वशक्ती देत असे. १९५७च्या नापोली येथील शर्यतीत लुईजी मुस्सो यांनी ते प्रथम उतरवले आणि तिसरा क्रमांक मिळवला.

आकारमान २,४१७ घ.सेंमी.पर्यंत वाढवून याच रचनेचे इंजिन फॉर्म्युला वनसाठी तयार करण्यात आले. १९५८ साली माइक हॉथॉर्न या गाडीतून जगज्जेते झाले. सहा सिलिंडरांच्या व्ही इंजिनाला मिळालेले हे पहिले जगज्जेतेपद होते. त्या यशाची किंमतही मोठी होती. त्याच हंगामात फेरारीचे दोन चालक, लुईजी मुस्सो जुलैमध्ये रँस येथे आणि पीटर कॉलिन्स ऑगस्टमध्ये न्यूर्बुर्गरिंग येथे, याच गाड्यांच्या अपघातांत मरण पावले. अजिंक्यपदानंतर हॉथॉर्न यांनी शर्यती सोडल्या. जानेवारी १९५९मध्ये इंग्लंडमध्ये साध्या रस्त्यावरील अपघातात त्यांचाही अंत झाला.

अखेरचा काळ

अखेरच्या काळात यानोंना पुत्रवियोग सोसावा लागला. स्वतः यानोही गंभीर आजारी पडले. १३ मार्च १९६५ रोजी तोरिनो येथे त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते.

डिनो इंजिन रस्त्यावर

यानोंच्या मृत्यूच्या सुमारासच त्यांच्या इंजिनाला रस्त्यावर आणण्याची योजना ठरत होती. १९६७ पासून लागू होणाऱ्या फॉर्म्युला टूच्या नियमांनुसार शर्यतीचे इंजिन किमान ५०० नगांच्या उत्पादनातून घेतलेले असणे आवश्यक होते. इतकी इंजिने तयार करणे फेरारीच्या लहान कारखान्याला शक्य नव्हते. म्हणून मार्च १९६५मध्ये फेरारी आणि फियाट यांच्यात करार झाला. इंजिन फियाटने तयार करायचे आणि दोन्ही कंपन्यांनी ते आपापल्या गाड्यांत वापरायचे, असे ठरले. फेरारीचे फ्रांको रोक्की आणि फियाटमध्ये गेलेले ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी मूळ रचनेला उत्पादनायोग्य रूप दिले.

नोव्हेंबर १९६६मध्ये तोरिनो येथे फियाट डिनो ही गाडी प्रथम दाखवण्यात आली. तिच्या १,९८७ घ.सेंमी.च्या इंजिनाची जाहीर शक्ती ७,२०० फेऱ्यांना १६० अश्वशक्ती होती. फेरारीने तेच इंजिन चालकाच्या मागे आडवे बसवून डिनो २०६ जीटी ही गाडी आणली. तिच्यासाठी कंपनीने ८,००० फेऱ्यांना १८० अश्वशक्ती हा आकडा दिला. दीडशेच्या आसपास गाड्या झाल्यावर १९६९ साली तिची जागा २,४१९ घ.सेंमी.च्या डिनो २४६ने घेतली. १९७४ पर्यंत ३,७०० हून अधिक डिनो २४६ तयार झाल्या. याच इंजिनावर चालणाऱ्या लान्चिया स्ट्रॅटोसने १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षे रॅलीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. अशा रीतीने फियाट, लान्चिया आणि फेरारी या यानोंच्या तिन्ही कर्मभूमींच्या गाड्यांत एकच इंजिन धावले.

इंजिनरचनेची पद्धत

१९२४ सालच्या पी२चे आणि १९६०च्या दशकातील डिनो २०६चे आकारमान एकच, १,९८७ घ.सेंमी., आहे. हा योगायोग असला तरी यानोंच्या विचाराचा प्रवास समजून घेण्यास तो उपयुक्त ठरतो.

इंजिनाची शक्ती वाढवण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग असतात: आकारमान वाढवणे, प्रत्येक वेळी अधिक हवा भरणे किंवा त्याच वेळात अधिक फेरे घेणे. तिसरा मार्ग इंजिनाची सर्वांत कठोर परीक्षा घेतो. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि दोनदा उलट दिशेने वेग घेतो. फेरे दुप्पट केले तर त्याला जोडणाऱ्या दांड्यावरील ताण चौपट होतो. झडपांचेही तसेच. स्प्रिंगला झडप वेळेवर बंद करता आली नाही, तर झडप पिस्टनवर आदळून इंजिन मोडते.

पी२ मध्ये सिलिंडरचा व्यास ६१ मिमी आणि पिस्टनची धाव ८५ मिमी होती. ५,५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १५.६ मीटर येतो. डिनो २०६ मध्ये व्यास ८६ मिमी आणि धाव केवळ ५७ मिमी आहे. ८,००० फेऱ्यांना पिस्टनचा वेग सेकंदाला सुमारे १५.२ मीटर येतो. म्हणजे मिनिटाला अडीच हजार फेरे वाढले, तरी पिस्टनची सरासरी धावपळ वाढलेली नाही. धाव आखूड केल्याने हे साधले. मोठ्या व्यासामुळे मोठ्या झडपांना जागा मिळाली आणि सुपरचार्जरशिवायच अधिक हवा आत जाऊ लागली. पिस्टनच्या थांबण्या-सुटण्याचा झटका मात्र सुमारे १.४ पट झाला. हलके सुटे भाग, आखूड व ताठ क्रँकशाफ्ट आणि झडपांवर थेट काम करणारे माथ्यावरचे दुहेरी कॅमशाफ्ट यांनी तो पेलला.

तुलनेसाठी भारतीय वाचकांच्या परिचयाची, मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घेता येईल. मूळच्या फियाट ११०० गाडीवर आधारलेल्या पद्मिनीच्या १,०८९ घ.सेंमी.च्या इंजिनात धाव ७५ मिमी होती आणि शक्ती ४,८०० फेऱ्यांना सुमारे ४० अश्वशक्ती होती. तिचा कॅमशाफ्ट खाली असून झडपा लांब दांड्यांच्या साहाय्याने उघडत. अशा दांड्यांचे वजन फेऱ्यांना मर्यादा घालते. पद्मिनीतून दर लिटरमागे सुमारे ३७, तर डिनो २०६ मधून सुमारे ९० अश्वशक्ती मिळत असे. टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे राबणे हे पद्मिनीचे काम होते आणि त्या कामासाठी तिची रचना योग्यच होती. दोन्ही इंजिनांच्या हेतूंतील अंतर या आकड्यांतून कळते.

श्रेयाविषयीचे मतभेद

यानोंच्या नावावर असलेल्या अनेक कामांच्या श्रेयाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पी२चे इंजिन फियाट ८०५च्या इंजिनाशी मिळतेजुळते आहे आणि यानो फियाटमधील ज्ञान सोबत घेऊन आले, यात शंका नाही. ऑरेलियाच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे मूलभूत गणित फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ यांनी मांडले. यानो त्या विभागाचे प्रमुख होते. डिनो इंजिनाच्या कल्पनेत तरुण डिनो यांचा वाटा नेमका किती, हेही निश्चित सांगता येत नाही; या बाबतीत शोकग्रस्त पित्याच्या आठवणींचा आधार घ्यावा लागतो. रस्त्यावर आलेले डिनो इंजिन तर यानोंच्या निधनानंतर इतरांनी पूर्ण केले.

हे आक्षेप लक्षात घेतले तरी एक गोष्ट उरते. चार वेगवेगळ्या कंपन्यांत, वेगवेगळ्या सहकाऱ्यांसह केलेल्या कामांत लहान आकारमान, माथ्यावरील दुहेरी कॅमशाफ्ट, तोललेला ताठ क्रँकशाफ्ट आणि शर्यतीचा अनुभव रस्त्यावर आणण्याचा आग्रह ही लक्षणे पुन्हा पुन्हा दिसतात. या सर्व कामांना जोडणारा समान दुवा यानो हेच आहेत.

वारसा

६सी १७५०, ८सी २३००, ऑरेलिया बी२० आणि डिनो २४६ या गाड्या आज संग्राहकांच्या दृष्टीने अत्यंत मोलाच्या मानल्या जातात. मिलानजवळील आरेझे येथील आल्फा रोमिओच्या संग्रहालयात यानोंच्या काळातील गाड्या जतन केलेल्या आहेत. मूळ मिल्ले मिलिया १९५७ साली बंद झाली. तिच्या स्मरणार्थ आता जुन्या गाड्यांची फेरी भरते आणि तीत यानोंच्या आल्फा गाड्या आजही धावताना दिसतात. डिनो २०६ व २४६ या गाड्यांवर मुळात फेरारीचे नाव नव्हते. त्यांच्यावर अकाली गेलेल्या तरुणाची सही तेवढी नावाच्या रूपात आहे. इंजिनाच्या रचनाकाराचे नाव त्यांवर कोठेही नाही.